रोमन सम्राज्ञींची नाणी: पहिलं नाणं हातात घेण्यापासून त्याची चिठ्ठी लिहिण्यापर्यंत

इ.स. ५४ च्या ऑक्टोबरात नीरो रोमचा सम्राट झाला, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्या वर्षी टांकसाळीतून सोन्याचांदीची जी नाणी बाहेर पडली, त्यांतल्या काहींवर मायलेक समोरासमोर आहेत. एकीकडे नीरो, दुसरीकडे त्याची आई अग्रिपीना, दोघांचे चेहरे सारख्याच आकाराचे. भोवतीचा मजकूर मात्र आईचा आहे: अग्रिपीना ऑगस्टा, दिवंगत देव क्लॉडियसची पत्नी, नीरो सीझरची आई. सम्राटाचं स्वतःचं नाव नाणं उलटल्यावर सापडतं. पुढच्याच वर्षी चित्र बदललं. दोघांचे चेहरे एकाच दिशेला वळले, नीरो पुढे आला आणि आई त्याच्या आड गेली. पुढच्या बाजूला मुलाचं नाव आलं, आईचं मागे गेलं. त्यानंतर रोमच्या सोन्याचांदीच्या नाण्यांवरून ती दिसेनाशी झाली आणि ५९ मध्ये मुलाच्याच हुकमावरून मारली गेली. राजवाड्यात वारं कुठून कुठे फिरलं होतं, ते इतिहासकारांनी लिहून ठेवण्याच्या कितीतरी आधी पगार मोजून घेणाऱ्या सैनिकाच्या तळहातावर पोचलं होतं.

मी ही नाणी जमवते ती याच कारणासाठी. रोमन स्त्रीला सिनेटमध्ये बसता येत नव्हतं, सैन्याची आज्ञा तिच्या हाती नव्हती. तरीही तिचं नाव नाण्यावर कुठे आलं, कोणत्या पदवीसह आलं आणि मागे कोणती देवी उभी केली, यावरून तिच्या घराला तिची किती गरज होती हे नेमकं कळतं. ते वाचायला शिकणं अवघड नाही. लॅटिन येत नसलं तरी चालतं, पंधरा-वीस शब्दांवर काम भागतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने कोणत्या क्रमाने जावं, ते इथे सांगते.

पायरी पहिली: टेबल मांडा

दहापट मोठं दाखवणारं भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा, मिलिमीटरची मोजपट्टी आणि टेबललॅम्प, इतकं पुरतं. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली झिजलेली अक्षरं दिसत नाहीत. दिवा खाली आणा, उजेड बाजूने पडू द्या आणि नाणं हळूहळू फिरवा. सपाट वाटणाऱ्या जागी अक्षरांच्या सावल्या उमटू लागतात. नाणं नेहमी कडेने धरा आणि खाली मऊ कापड घाला.

पायरी दुसरी: धातू, वजन, आकार

चांदीचं नाणं १७ ते १९ मिलिमीटरचं आणि तीन-साडेतीन ग्रॅमचं असेल, तर बहुधा देनारियस. संस्कृतमधला ‘दीनार’ याच नावावरून आला आहे. पितळी रंगाचं, ३० मिलिमीटरच्या पुढचं आणि पंचवीस ग्रॅमच्या आसपासचं जाड नाणं म्हणजे सेस्टर्शियस. चित्रं पाहायला याच्याइतकं सुंदर नाणं नाही, कारण कारागिराला जागा भरपूर मिळाली आहे. दहा-बारा ग्रॅमची मधली नाणी ड्युपाँडियस आणि अस. सोन्याचं ऑरियस सात-आठ ग्रॅमचं, पण त्याची भेट आपल्याला संग्रहालयातच होणार.

एक खूण आत्ताच पाठ करून ठेवा. २१५ मध्ये सम्राट कॅराकॅलाने चांदीचं एक मोठं नाणं काढलं. ते दोन देनारियसच्या किमतीचं असावं असं मानलं जातं. त्यावर पुरुषाच्या डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट असतो आणि स्त्रीच्या खांद्यांखाली चंद्रकोर. त्याला सूर्य, तिला चंद्र. मजकूर अगदीच पुसला असेल आणि खाली कोर दिसत असेल, तरी नाणं सम्राज्ञीचं आणि २१५ नंतरचं, इतकं पक्कं झालं.

पायरी तिसरी: अक्षरं वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. मजकूर साधारणपणे डावीकडे खालून सुरू होतो आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. शब्दांमध्ये मोकळी जागा बहुधा नसते. यू हे अक्षर नाण्यावर व्ही म्हणून येतं आणि जे आयसारखं लिहितात. म्हणून आय-व्ही-एल-आय-ए असं दिसलं की ते ‘युलिया’ वाचायचं. इंग्रजी पुस्तकांमुळे आपण तिला ज्युलिया म्हणतो. ए-व्ही-जी म्हणजे ऑगस्टा. ही पदवी सम्राटाच्या बायकोला आपोआप मिळत नसे, ती दिली जायची. कधी बायकोला, कधी आईला, कधी बहिणीला किंवा मुलीलाही. पहिला सम्राट ऑगस्टस याने मृत्युपत्रातून ती पत्नी लिव्हियाला दिली, म्हणजे पतीच्या हयातीत ती कधीच ‘ऑगस्टा’ नव्हती.

नुसत्या नावावरून सालापर्यंत कसं पोचता येतं, याचा उत्तम धडा युलिया डोम्नाची नाणी देतात. ती सीरियातल्या एमेसाची, म्हणजे आजच्या होम्सची. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची बायको, कॅराकॅला आणि गेटाची आई. १९३ ते १९६ पर्यंत नाण्यावर ‘युलिया डोम्ना ऑग’ असं येतं. १९६ पासून नवऱ्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे २११ पर्यंत, फक्त ‘युलिया ऑगस्टा’. ‘डोम्ना’ गळालं, कारण आता कोणती युलिया हे सांगावं लागत नव्हतं. मुलांच्या राज्यात ती ‘युलिया पिया फेलिक्स ऑग’ झाली, म्हणजे धर्मशील आणि भाग्यवान. पिया आणि फेलिक्स ही सम्राटाची बिरुदं होती, ती तिच्या नावाला लागली. तिची एवढी तीन रूपं लक्षात ठेवली की कोणत्याही विक्रेत्याच्या टेबलावरची तिची नाणी तुम्हाला कालक्रमाने लावता येतील.

आता शेपटाकडे, म्हणजे शब्दांच्या अंत्याक्षरांकडे पाहा. ‘ऑग’च्या शेवटी एकच जी असेल तर ऑगस्टस, म्हणजे सम्राट, किंवा ऑगस्टा एकच. दोन जी असतील तर दोघे. तीनही सापडतात, आणि तेव्हा राज्यावर तिघे होते. सेव्हेरस घराण्याच्या नाण्यांवर ही मोजणी फार उपयोगी पडते. कॅराकॅला १९८ मध्ये ऑगस्टस झाला, म्हणून ‘युलिया ऑगस्टा’च्या मागे दोन जी दिसले की नाणं त्यानंतरचं. याच दोन जींत दडलेलं एक नाणं मला सर्वांत जास्त हलवतं. ‘पिया फेलिक्स’च्या काळातल्या एका प्रकारावर तिला दोन ऑगस्टसांची माता, सिनेटची माता आणि राष्ट्राची माता म्हटलं आहे. ते दोन ऑगस्टस म्हणजे तिची दोन मुलं. २११ च्या डिसेंबरात थोरल्याने धाकट्याला मारवलं. दियो हा त्या काळचा इतिहासकार सांगतो की गेटाने आईच्या मिठीत प्राण सोडला. जिच्या नाण्यावर दोन जी कोरले होते, तिला त्या दोघांतला एक असा गेलेला पाहावा लागला.

अंत्याक्षरांत आणखी एक गोष्ट असते. कॅराकॅलाची बायको प्लाउटिला हिचं नाणं घ्या. ‘प्लाउटिला ऑगस्टा’ असेल तर नाव प्रथमेत आहे. ‘प्लाउटिलाए ऑगस्टाए’ असेल तर ते चतुर्थीत आहे, म्हणजे ‘प्लाउटिला ऑगस्टेला’ अर्पण. मराठी माणसाला विभक्ती समजावून सांगावी लागत नाही, हा आपला फायदा आहे.

आणि ‘दिवा’ हा शब्द. नावाआधी तो आला की ती स्त्री मरण पावलेली आहे आणि सिनेटने तिला देवत्व दिलं आहे.

पायरी चौथी: केस पाहा

अक्षरं झिजली तरी केशरचना उरते, कारण केस नाण्याच्या उंच भागावर असले तरी त्यांचा ढोबळ आकार सहज पुसत नाही. शिवाय सम्राज्ञीची केशरचना साम्राज्यभर पाहिली जायची, म्हणून टांकसाळीतले कारागीर त्यावर मेहनत घेत.

लिव्हियाच्या मूर्तींत कपाळावर केसांची एक गुंडाळी असते आणि मागे छोटा अंबाडा. धाकट्या अग्रिपीनाच्या, म्हणजे नीरोच्या आईच्या, बाजूंना कुरळ्या बटा आणि मानेवर उतरलेली वेणी. ट्रेजनच्या घरातल्या बायका, म्हणजे त्याची पत्नी प्लोटिना, बहीण मार्सियाना आणि भाची मातिदिया, यांच्या डोक्यावर केसांची मजल्यामजल्यांची रचना असते, एखाद्या उंच मुकुटासारखी. थोरल्या फाउस्टिनाच्या वेण्या वर नेऊन टाळूवर अंबाडा घातलेला असतो. तिची मुलगी धाकटी फाउस्टिना लाटालाटांचे केस मागे नेते आणि अंबाडा खाली, मानेच्या वर. युलिया डोम्नाचे केस जड, आडव्या लाटांचे, शिरस्त्राण घातल्यासारखे. अनेक अभ्यासकांना तो टोप वाटतो.

दोन फाउस्टिनांचा घोळ प्रत्येक नव्या संग्राहकाला होतो, मलाही झाला. नाण्यांच्या एका प्रदर्शनात मी ‘थोरली फाउस्टिना’ अशी चिठ्ठी लावलेला देनारियस घेतला. घरी येऊन दिव्याखाली धरला, तर अंबाडा मानेवर. मजकूर पुन्हा अक्षर अक्षर वाचला. ‘दिवा फाउस्टिना’ इथपर्यंत ठीक, पण पुढे पी, आय, ए. दिवा फाउस्टिना पिया म्हणजे मुलगी, सम्राट मार्कस ऑरेलियसची बायको. चिठ्ठी चुकीची होती आणि मी नाण्याऐवजी चिठ्ठी वाचून पैसे दिले होते. तेव्हापासून माझा नियम असा: चिठ्ठी उलटी ठेवायची, आधी नाणं वाचायचं, मग चिठ्ठीशी ताडून पाहायचं.

डोक्यावरच्या वस्तूही पाहा. पदर घेतलेला असेल तर बहुधा देवत्व मिळालेली स्त्री. धान्याच्या कणसांचा मुकुट म्हणजे सेरेस या धान्यदेवतेशी बरोबरी. क्लॉडियसच्या नाण्यांवर अग्रिपीनाच्या डोक्यावर तो दिसतो. कपाळावरची उभट पट्टी म्हणजे स्टेफाने, हा देवींचा अलंकार.

पायरी पाचवी: नाणं उलटा

पुढची बाजू ती कोण हे सांगते, मागची बाजू तिने काय असायला हवं होतं ते. मजकुरात देवीचं नाव बहुतेक वेळा लिहिलेलंच असतं. नसेल तर हातातल्या वस्तूंवरून ओळखा. सफरचंद हातात किंवा शेजारी छोटा क्युपिड असेल तर व्हीनस. पायाशी मोर असेल तर जूनो. छोटी मूर्ती आणि पूजेची पळी घेऊन पदर ओढलेली असेल तर वेस्टा, रोमच्या चुलीतल्या अग्नीची देवी. चेहऱ्यावर पदर सावरणारी पुडिसिटिया, म्हणजे शील. सुकाणू धरलेली फोर्चुना. सिंह दिसले की मॅटर देउम, देवांची आई सिबेली.

सगळ्यात जास्त बोलतात ती मुलांची नाणी. धाकट्या फाउस्टिनाला डझनाहून अधिक मुलं झाली आणि नाण्यांनी एकेका जन्माची बातमी दिली. १६१ मध्ये जुळी मुलं झाली, त्यातला एक पुढचा सम्राट कॉमोडस. त्यानंतरच्या नाण्यावर एक सिंहासन आहे, त्यावर दोन बाळं बसली आहेत आणि भोवती ‘युगाचं सौख्य’ असे शब्द आहेत. ‘फेकुंदितास’ हा शब्द, म्हणजे सुफलता, आणि कडेवर-पायाशी मुलं, हे तिच्या नाण्यांवर पुन्हा पुन्हा येतं. आधीच्या चार सम्राटांना गादीसाठी मुलगा दत्तक घ्यावा लागला होता. अशा राज्यात पाळणा हलला ही राजकारणातली सर्वांत मोठी बातमी होती. या नाण्यांकडे फक्त ‘मातृत्वाचं कौतुक’ म्हणून पाहणाऱ्यांशी माझं जमत नाही. वारस देणं ही इथे सत्ता आहे, आणि ती तिच्या नावावर जमा केली आहे.

तिलाच पुढे, १७४ मध्ये, ‘मॅटर कास्त्रोरुम’ म्हणजे छावणीची माता ही पदवी मिळाली. डोम्नालाही ती १९५ मध्ये मिळाली. या प्रकारच्या नाण्यावर डोम्ना सैन्याच्या ध्वजांपुढे आहुती देताना दिसते. जिच्या हातात तलवार नाही, तिच्यापुढे ध्वज उभे आहेत. असं नाणं मिळालं तर भिंगाखाली ध्वज मोजा, कारण वेगवेगळ्या ठशांत ते कमीजास्त दिसतात.

मरणानंतरचा शब्द ‘कोन्सेक्रातिओ’, म्हणजे देवत्वार्पण. पुरुषाला स्वर्गात नेतो गरुड, स्त्रीला जूनोचा मोर. हा नियम पाठ करा आणि लगेच अपवादही लिहून ठेवा: मार्सियानाच्या नाण्यावर गरुडच आहे. थोरली फाउस्टिना १४० च्या सुमारास वारली. तिचा नवरा अँटोनायनस पायस त्यानंतर वीसेक वर्षं राज्य करत होता आणि सतत तिच्या स्मरणार्थ नाणी पाडत होता. म्हणून हयातीतल्या फाउस्टिनापेक्षा दिवंगत फाउस्टिनाची नाणी कितीतरी जास्त सापडतात. रोमच्या फोरममध्ये तिच्यासाठी बांधलेलं देऊळ आजही उभं आहे. नंतर त्यात चर्च झालं, म्हणून ते वाचलं.

याच्या उलट, नाणी अचानक थांबणं हाही पुरावाच. प्लाउटिलाचं कॅराकॅलाशी लग्न झालं २०२ मध्ये. नाण्यावर नवरा-बायको हातात हात घेऊन उभे आहेत, भोवती ‘प्रोपागो इंपेरी’ म्हणजे राज्याची वंशवेल असं लिहिलं आहे. २०५ मध्ये तिचे वडील मारले गेले, ती हद्दपार झाली आणि नाणी बंद. सव्वाशे वर्षांनी कॉन्स्टंटाइनची बायको फाउस्टा आणि आई हेलेना, दोघींना एकाच वेळी, ३२४ मध्ये, ऑगस्टा ही पदवी मिळाली. ३२६ मध्ये फाउस्टाचा अंत झाला. हेलेनाची नाणी त्यानंतरही निघत राहिली. दोघींची नाणी शेजारी ठेवली आणि खाली रेघेखालच्या टांकसाळीच्या खुणा जुळवल्या, तर ही गोष्ट तुम्हाला स्वतःच्या टेबलावर उलगडता येते.

पायरी सहावी: नाव नसेल तर घाई करू नका

टायबेरियसचा देनारियस बाजारात ‘लिव्हियाचं नाणं’ म्हणून विकला जातो. मागे एक स्त्री बसलेली आहे, एका हातात राजदंड, दुसऱ्यात डहाळी. भोवतीचा मजकूर मात्र सम्राटाच्या पुरोहितपदाचा आहे, तिचं नाव कुठेच नाही. पुष्कळ अभ्यासक तिच्यात शांतिदेवीच्या रूपातली लिव्हिया पाहतात, टायबेरियसची आई. चिठ्ठीवर लिहिताना ‘लिव्हिया मानली जाणारी’ असं लिहा. ‘सालुस ऑगस्टा’ असा मजकूर असलेल्या पितळी नाण्यावरच्या सुंदर चेहऱ्यालाही हेच लागू. नाव लिहिलेल्या जिवंत स्त्रिया रोमच्या शाही नाण्यावर येतात त्या कॅलिग्युलाच्या काळात, ३७-३८ मध्ये. सेस्टर्शियसवर त्याच्या तीन बहिणी उभ्या आहेत, अग्रिपीना, द्रुसिला आणि युलिया, तिन्ही देवींच्या रूपात आणि प्रत्येकीच्या शेजारी तिचं नाव. तिथे तर्क करावा लागत नाही.

त्या बसलेल्या, नाव नसलेल्या बाईचा आपल्याशी जुना संबंध आहे. ऑगस्टस आणि टायबेरियसच्या देनारियसांचे मोठे साठे दक्षिण भारतात सापडले आहेत आणि टायबेरियसचा हाच प्रकार त्यांत मोठ्या संख्येने आहे. हिंदुस्थानचा व्यापार दरवर्षी पाच कोटी सेस्टर्शियस ओढून नेतो, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने केली होती. मिरी आणि सुती कापडाच्या बदल्यात आलेल्या त्या चांदीसोबत ही बाईही आली. तमिळनाडूत पुदुकोट्टईला १८९८ मध्ये सापडलेल्या ५०१ सोन्याच्या नाण्यांवर मात्र बहुतेक चेहऱ्यांवर छिन्नीचा घाव आहे. इथे ती चलन म्हणून नको होती, सोनं म्हणून हवी होती. मराठवाड्यातल्या तेरला रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदकं मिळाली, गळ्यात घालायची. आजीच्या पुतळीमाळेत व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांचा नमुना असतो हे ज्यांना माहीत आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. परदेशी नाण्यावरची आकृती गळ्यात घालायची आपली हौस दोन हजार वर्षांची आहे. म्हणूनच भारतातल्या रोमन नाण्याला भोक किंवा कडी दिसली की नाक मुरडू नका. किंमत कमी होते, पण त्या भोकातच नाण्याचा अर्धा प्रवास असतो.

पायरी सातवी: पहिलं नाणं कोणतं

युलिया डोम्नाचा देनारियस किंवा दिवा फाउस्टिनाचा. दोन्ही भरपूर सापडतात, अक्षरं मोठी असतात, मागचे प्रकार इतके की एकाच बाईचा संग्रह आयुष्यभर पुरावा. थोडं झिजलेलं नाणं काही हजार रुपयांत मिळू शकतं. त्याहून स्वस्तात हवं असेल तर हेलेनाची चौथ्या शतकातली तांब्याची नाणी आहेत. गॅलिएनसची पत्नी सालोनिना हाही चांगला पर्याय. तिची नाणी इतक्या हलक्या चांदीची आहेत की तिसऱ्या शतकातली टंचाई हातात जाणवते. आणि ऑरेलियनची पत्नी सेव्हेरिना. २७५ मध्ये ऑरेलियन मारला गेल्यावर नवा सम्राट ठरेपर्यंत टांकसाळी तिच्याच नावाने चालू राहिल्या असाव्यात, असं काही अभ्यासक मानतात. तिच्या नाण्यावर लिहिलं आहे, ‘सैनिकांची एकजूट’.

प्लोटिना, मार्सियाना आणि मातिदियाच्या मागे आत्ता लागू नका. ती नाणी दुर्मीळ आहेत, आणि जे दुर्मीळ त्याच्याच नकला जास्त.

पायरी आठवी: खरं-खोटं आणि कायदा

रोमन नाणी ठोकून पाडत. चकती तापवायची, दोन ठशांमध्ये ठेवायची, घाव घालायचा. त्यामुळे कड थोडी वेडीवाकडी, कधी चिरलेली असते. ओतलेल्या नकलेत कडेवर शिवणीसारखी रेघ दिसते, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे बुडबुड्यांचे खळगे असतात आणि अक्षरांचे काठ साबणासारखे गुळगुळीत होतात. वजन जमत नसेल तर थांबा. एकाच ढलपीसह, एकाच खरचट्यासह दोन नाणी दिसली तर निघून या. वरची चांदी सोलून आतलं तांबं दिसत असेल, तर ते आजचं खोटं असेलच असं नाही. रोमन काळातही तांब्यावर चांदीचा पत्रा चढवून फसवणूक चाले आणि असं नाणं अभ्यासाला फार छान.

आर.आय.सी. अशी अक्षरं आणि पुढे आकडा चिठ्ठीवर असतो. तो रोमन शाही नाण्यांच्या मानक सूचीतला क्रमांक. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या ‘ऑक्रे’ या संकेतस्थळावर हे क्रमांक फोटोंसह विनामूल्य पाहता येतात. घेण्याआधी तिथे आपलं नाणं शोधाच. शेकडो खरी नाणी पाहून डोळा तयार होतो, त्याला दुसरा मार्ग नाही. चेन्नईच्या एग्मोर संग्रहालयात दक्षिणेत सापडलेली रोमन नाणी आहेत. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. जवळ राहणाऱ्याने तिथे एक दिवस काढावा.

भारतात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं. १९७२ च्या कायद्यानुसार ते देशाबाहेर नेता येत नाही, कुरियरने नाही आणि खिशातूनही नाही. परवानाधारक विक्रेत्याकडून पक्कं बिल घेऊनच खरेदी करा आणि नाणं आधी कुठे होतं ते विचारा. शेतात किंवा पाया खणताना जुनी नाणी सापडली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि हे मनापासून सांगते: ती नाणी वाटून घेऊ नका. कोणत्या मडक्यात, कशासोबत, किती नाणी होती ही माहिती एकदा गेली की परत येत नाही. परदेशात राहणाऱ्या वाचकांनी तिथल्या आयातीचे नियम पाहावेत आणि सुट्टीत येताना-जाताना नाणी सामानात टाकू नयेत.

पायरी नववी: सांभाळणं

घासू नका. चिंच, लिंबू, राख, देवाची भांडी लखलखीत करणारी पावडर, यांतलं काहीही लावू नका. तांब्यावरचा हिरवा-तपकिरी थर सतराशे वर्षांत तयार झाला आहे आणि तोच नाण्याचं संरक्षण करतो. माती असेल तर शुद्ध पाण्यात काही दिवस बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, मऊ कापडावर टिपून घ्या. पावडरीसारखे फिकट हिरवे ठिपके पुन्हा पुन्हा उमटत असतील, तर ते धातू खाणारं दुखणं आहे. असं नाणं वेगळं ठेवा आणि जाणत्याला दाखवा. पी.व्ही.सी.चे मऊ अल्बम टाळा, काही वर्षांनी त्यातून चिकट हिरवट थर सुटतो. साधं कागदी पाकीट उत्तम. कोकणात, मुंबईत राहत असाल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात बदला.

पाकिटासोबत स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी लिहा. माझ्या डब्यातली पहिली चिठ्ठी अशी आहे:

युलिया डोम्ना. देनारियस, रोम. ३.२१ ग्रॅम, १८ मि.मी.
पुढे: युलिया ऑगस्टा. चेहरा उजवीकडे, लाटांचे केस, मागे अंबाडा, खांद्यावर वस्त्र. ‘ऑगस्टा’तलं शेवटचं अक्षर कडेवरून निम्मं गेलं आहे.
मागे: पिएतास, आणि ‘ऑग’ला दोन जी. डोक्यावर पदर घेतलेली देवी, डाव्या हातात डबी, उजव्या हाताने वेदीवर धूप टाकते आहे. भिंगाखाली धुपाचे दोन दाणे दिसतात.
दोन ऑगस्टस: सेव्हेरस आणि कॅराकॅला. म्हणून १९८ नंतर. नाव अजून ‘पिया फेलिक्स’ नाही, म्हणून २११ च्या आत.
तेव्हा गेटा जिवंत होता.